इंजनाचा नैवेद्य

"तू करतीस तरी काय नेमकं?" असं आमच्या मायनं मला विचारलं, तेव्हा मी गावच्या घरी ओट्यावर बसून टॅबलेटवर एक विमान काढत होते. विमान पितळेचं होतं. पोटाला गोल खिडक्या, पाठीवर धुरांडं, आणि दोन्ही अंगांनी वाफेचे फवारे. माय तांदूळ निवडता निवडता मान तिरकी करून बघत होती.

मी जालन्याला खोली करून राहते आणि मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढते. ससे, हत्ती, टोपीवाला वाघ. पोट त्याच्यावर चालतं. जीव मात्र अडकलाय तो स्टीमपंक आणि डिझेलपंक नावाच्या भानगडीत. नावं ऐकून लोकांना वाटतं, पोरगी केसबिस रंगवायला लागली की काय. आता मायला हे समजावून सांगायचं म्हणजे परीक्षाच होती, पण म्हटलं, होऊन जाऊ दे.

"हे बघ माय. विज्ञानकथा म्हणजे पुढच्या काळाच्या गोष्टी, बरोबर? पण ह्या जरा उलट्या. समज, जग वाफेच्या इंजिनापाशीच थांबलं आणि तिथूनच पुढं वाढलं. मोबाइल नाहीत, चिप नाहीत. हिशोब करायला दातेरी चाकांची यंत्रं, आभाळात वाफेवर उडणारी जहाजं. हे झालं स्टीमपंक. आणि डिझेलपंक म्हणजे त्याच्या नंतरचं. जाड लोखंड, काळं तेल, धूर, घराएवढाल्या गाड्या. जुन्या लोकांनी उद्याचं स्वप्न बघितलं असतं तर ते कसं दिसलं असतं, ते काढायचं."

मायनं खडा उचलून टाकला. "म्हंजी लाइट गेल्यावरचं आपलं गाव."

मी कपाळावर हात मारला. पण खरं सांगू? इतकं नेमकं मला कधी सांगता आलं नव्हतं.

मला या गोष्टी का आवडतात, हे मी स्वतःलाही पुष्कळदा विचारलंय. धूर आवडतो म्हणावं तर जालन्यात राहून धुराचं काय कौतुक! तिकडं गिरण्यांमध्ये भंगार वितळवून सळया करतात, अंगणातल्या कपड्यांवर काजळी बसते, आणि मी त्या काजळीला रोज शिव्या घालते. तेव्हा धुराचं नाही. मला आवडतं ते यंत्राचं पोट दिसणं. आजकालच्या कुठल्याही वस्तूला पोटच नाही. मोबाइल बंद पडला की तो नुसता काळा पडतो, तोंड फिरवल्यासारखा. का रुसला, काही कळायचा पत्ता नाही. दुकानदार म्हणतो, नवीन घ्या. संताप होतो माझा! जुन्या यंत्राचं तसं नसतं. ते खोकतं, गळतं, ठणाणा करतं, आणि कुठं दुखतंय ते सांगतं. उघडलं तर आत बघता येतं. उघडता येतं म्हणजे दुरुस्त होण्याची आशा असते. माझं सगळं वेड एवढंच आहे.

एक गोष्ट मात्र खटकायची. परदेशी चित्रांमधले लोक कसे, उंच टोप्या, चकचकीत गॉगल, कोटाला सोन्याची साखळी. एवढं मोठं जहाज वाफेवर उडतंय, तर खाली कोळसा कोण टाकतंय? तो माणूस चित्रात कुठंच नाही. आणि मीही त्याच टोप्या काढत बसले होते. पुण्याच्या ज्या संपादकबाई माझं पहिलं स्वतःचं पुस्तक बघत होत्या, त्या फोनवर म्हणाल्या, "चित्रं सुंदर आहेत हो, पण तुम्ही जालन्याच्या ना? हे सगळं लंडन का वाटतंय?" मी फोन ठेवला आणि त्यांना मनात बरंच काही बोलले. कारण त्यांचं बरोबर होतं.

हे सगळं चाललं होतं तेव्हा घरातलं खरं दुखणं वेगळंच होतं. उन्हाळ्यात आबांना, म्हणजे माझ्या वडलांना, लकवा मारला. उजवा हात, उजवा पाय आणि अर्धी जीभ गेली. आमचे आबा म्हणजे अंबडच्या बाजारात शंभर माणसांत हाक मारली तरी बसस्टँडापर्यंत ऐकू जाणारा माणूस. ते आता एकेक शब्द विहिरीतून ओढून काढायला लागले. डॉक्टर म्हणाले होते, व्यायाम केला तर हात बराच परत येईल. त्यासाठी एक रबरी बॉल दिला होता, तो दाबत बसायचा. आबांनी दोन-चार दिवस दाबला आणि मग फेकला खाटेखाली. मायनं विनवलं, दादानं आवाज चढवला, मी रडून बघितलं. आबांचं एकच.

"जुनं... इंजन. भंगारात... घाला."

हे ते स्वतःबद्दल म्हणायचे. 

आणि भंगारात घालायला घरात एक खरंखुरं इंजनही होतंच. शेतातल्या विहिरीवर पत्र्याच्या खोलीत आबांचं डिझेल इंजन होतं. काळं, बुटकं, दोन्ही बाजूंना जड चाकं. वीज आली तसं ते रिटायर झालं, तरी आबा दर खंडेनवमीला त्याला तेलपाणी करायचे, चाक हातानं फिरवून ठेवायचे, म्हणून ते जाम झालं नव्हतं. यंदा दादानं सोलरचा पंप बसवला. त्याच्या पेटीला आणि वायरींना सावलीची जागा हवी होती. दादा काही वाईट माणूस नाही. शेत तोच बघतो, त्याला जागेची अडचण होती. त्यानं भंगारवाल्याशी बोलणं केलं. दसरा झाला की टेम्पो येणार आणि इंजन जालन्याच्या भट्टीत जाणार.

खंडेनवमीला आमच्याकडे घरातलं झाडून सगळं हत्यार पूजेला बसतं. विळे, कुऱ्हाड, आमच्या आज्याची मेंढ्यांची लोकर कातरायची कातर, मायचं शिलाई मशीन. त्या दिवशी मायनं माझा टॅबलेटही पाटावर ठेवला आणि त्याच्या काचेवर असं ठसठशीत कुंकू लावलं की पुढं दोन दिवस माझ्या सगळ्या हत्तींना टिळा होता. मग आम्ही चौघं शेतात गेलो. आबांना दादानं मोटारसायकलवर मधे बसवून नेलं, मागून मी धरलं होतं. माय नैवेद्याचं ताट घेऊन बांधाबांधानं आली.

इंजन धुतलं, झेंडूचा हार घातला. दादा म्हणाला, "आबा, मन भरून बघून घ्या. परवा टेम्पो येऊन राह्यलाय."

आबा प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसले होते.  ते डावा हात वर करून म्हणाले, "चालू... झालं... तं राहील. न्हाई... तं ने."

दादानं माझ्याकडं बघितलं. दोघांनाही कळलं होतं की हा कौल एकट्या इंजनाचा नाही. ते चालू झालं नसतं तर तो बॉल खाटेखालून कधीच बाहेर आला नसता. 

दादानं डिझेल भरलं, नळीतली हवा काढली आणि हँडल मारायला घेतलं. हे इंजन चालू करायची एक रीत असते. वरची दांडी उचलून धरायची म्हणजे चाक हलकं फिरतं. हँडलनं चाकाला चांगला वेग द्यायचा आणि नेमक्या क्षणी दांडी खाली सोडायची. दादानं हँडल मारून मारून तळहात सोलून घेतले. इंजन ढिम्म. साधा ठसकासुद्धा नाही.

"गेलं हे," दादा भिंतीला टेकून बसला. "बिलकुल जीव न्हाई त्यात."

आबांनी मान खाली घातली. मला इतका राग आला! कुणाचा ते सांगता येणार नाही, पण राग आला. मी पदवी घेतली ती चित्रकलेची, इंजिनाची नाही. पण वर्षानुवर्षं ही पोटं काढतेय ना मी! कागदावर का होईना, हवा कुठून येते, तेल कुठून जातं, हे तर गिरवलंय. डिझेल येतंय, चाक फिरतंय, मग राहिलं काय? हवा. मी इंजनाच्या मागच्या अंगाला, भिंतीच्या बाजूला गेले. हवा घ्यायचा पाइप तिकडं होता. त्याच्या तोंडावरची जाळीची डबी कधीच हरवलेली. मी आत बोट घातलं.

काहीतरी कडक लागलं. स्क्रूड्रायव्हरनं खरवडलं तर काळा खडा पडला. मग दुसरा. मग वाळून कोळसा झालेला झेंडू. एक सुपारी. आणि मग पाइपच्या वळणातून जे निघालं ते पापुद्र्यापापुद्र्याचं, दगडासारखं झालेलं. मी वास घेतला. इतक्या वर्षांनंतरही वेलदोड्याचा बारीकसा वास होता.

"माय," मी म्हटलं, "ही पुरणपोळी आहे का गं?"

माय ताट धरून उभी होती. ताटातली यंदाची पुरणपोळी तिनं पदराखाली घेतली. "मंग? दर साली देती मी त्याला."

"तोंडात?"

"मंग काय कानात देऊ? तुमच्या आबाच्या बराबरीनं राबलंय ते. तुम्ही समोरून हार घालून मोकळे होता, त्याला उपाशी ठेवू व्हय सणाचं? मी आपली मागून एक घास देती, बोटानं जरा आत सारती. पुढच्या साली बघावं तं तोंड रिकामं." आणि मग अगदी भाबडेपणानं म्हणाली, "मला वाटलं, खाऊन राह्यलंय."

 मग खुर्चीतून एक आवाज आला. आधी मला वाटलं आबांना ठसका लागला. पण आबा हसत होते. तोंड एका बाजूला ओढलेलं, डोळ्यांतून पाणी, आणि खांदे गदागदा हलतायत. उन्हाळ्यापासून पहिल्यांदा. दादा हसून हसून जमिनीवर आडवा झाला. माय आधी रागावली आणि मग तिलाही आवरेना. "हसा, हसा! घशात घास अडकला बिचाऱ्याच्या, न् तुम्ही हसा!"

आम्ही पाइप काढून रॉकेलनं धुतला, तारेनं साफ केला, परत बसवला. दादाचे हात तर सोललेले. मी हँडल उचललं आणि थबकले. लहानपणी आम्हा पोरींना या हँडलला हात लावू देत नव्हते. उलटा झटका बसला तर मनगट मोडतं. मी आबांकडं बघितलं. ते खुर्चीतून उठायची धडपड करत होते. दादानं त्यांना धरून इंजनापाशी आणलं.

"तू... मार," आबा मला म्हणाले. "दांडी... माझी."

तेव्हा माझ्या ध्यानात आलं. आबा आयुष्यभर हँडल उजव्या हातानं मारत आणि दांडी डाव्यानं सोडत. लकव्यानं उजवा नेला होता. डाव्याचं काम डाव्यापाशी शाबूत होतं. माझा उजवा आणि त्यांचा डावा, मिळून एक धड माणूस होत होता.

मी हँडल फिरवायला लागले. आधी चाक हलेना, मग हललं, मग आपसूक ओढायला लागलं. दंड भरून आले. आबा चाकाकडं बघतच नव्हते, त्यांनी डोळे मिटले होते. ते ऐकत होते. एकदा त्यांनी दांडी सोडली ती जरा लवकर, इंजनानं फक्त एक उसासा टाकला. मी परत लागले. "जल्दी... जल्दी..." आबा पुटपुटत होते, आणि मग त्यांनी दांडी सोडली.

धप्प.

मग काहीच नाही. मग परत धप्प, आणि धुरांड्यातून काळा लोट, त्यात आत कुठंतरी उरलेल्या झेंडूच्या ठिणग्या. आणि मग ते लागलं. टुक-टुक-टुक-टुक, पत्रे थरथरले, मायच्या ताटातली वाटी नाचायला लागली, बांधावरचे बगळे उडाले. दादा ओरडत होता, माय हात जोडून उभी होती, आणि मी हँडल छातीशी धरून हमसून हमसून रडत होते. आबांनी डावा हात इंजनाच्या टाकीवर ठेवला होता. आवाजात काही ऐकू येत नव्हतं, पण त्यांचे ओठ मी वाचले. "बराबर," ते म्हणत होते. "बराबर."

टेम्पोवाल्याला दादानं तिथूनच फोन लावला. सोलरची पेटी आता खोलीच्या बाहेरच्या भिंतीला आहे, वर पत्र्याचा तुकडा लावून. दोघं शेजारी सुखानं नांदतायत.

मी उंच टोप्या खोडून टाकल्या. माझ्या पुस्तकातलं जहाज आता अंबडच्या बाजारावरून उडतं, डिझेलवर. खाली इंजनापाशी काळ्या हातांचा एक म्हातारा दांडी धरून बसलाय, आणि एक बाई त्याच्या इंजनाला मागून पुरणपोळी भरवतेय. संपादकबाईंनी विचारलं, ही कल्पना कुठून सुचली? मी म्हटलं, घरचीच आहे.

पण त्या दिवशीचं शेवटचं राहिलं. घरी आलो, हातपाय धुतले, माय पानं वाढायला लागली. आबा खाटेवर बसून काहीतरी शोधत होते.

"काय पायजे आबा?" दादानं विचारलं.

"बॉल," आबा म्हणाले.

माय वाढायचं टाकून उठली. वाकून खाटेखालून बॉल काढला, पदरानं पुसला आणि त्यांच्या उजव्या हातात ठेवला. आबांनी दात आवळून दाबला. बोटं जरा हलल्यासारखी वाटली, मग बॉल सुटून घरंगळत चुलीपर्यंत गेला.  मला वाटलं, आता झालं, आता परत तेच.

आबांनी बॉलकडं बघितलं आणि मग माझ्याकडं.

"एका खेपेत... कवा... लागलंय ते? आण... इकडं. परत... मारू."

मी उठले आणि बॉल आणून दिला.