बुधवारचा कॅन

दत्तूचा फोन सकाळी चहाच्या वेळी आला. दत्तू माझा मावसभाऊ, बोलण्यात भलताच काटकसरी. "ताई, आई गेली," एवढं म्हणून तो थांबला आणि मग म्हणाला, "येताना तुझ्या नळाचं पानी आन. कॅन तुझ्याकडंच हाय." मावशी बरेच दिवस अंथरुणाला होती, त्यामुळे बातमी अनपेक्षित नव्हती. मी रडले नाही. कॅन नळाखाली धरला, पण तो भरेपर्यंत उभं राहणं मात्र जड गेलं...

सरूमावशी ही माझ्या आईची धाकटी बहीण. तिला दिली ती नाशिकच्या खालच्या अंगाला, गंगेच्या अगदी काठावर भाजी पिकवणाऱ्या घरात. आम्ही नाशिककर गोदावरीला गोदावरी म्हणतो ते फक्त भूगोलाच्या पेपरात. एरवी ती गंगाच. मावशीच्या सासरी एक रीत होती. मेथी, कोथिंबीर, पालक, जे काही काढलं असेल त्याच्या जुड्या बांधायच्या, गंगेत तीनदा बुडवायच्या आणि मगच पाटीत रचायच्या. त्यात माती धुऊन निघायची हे खरं, पण कारण ते नव्हे. गंगेला दाखवल्याशिवाय माल बाजारात न्यायचा नाही, एवढंच. सुट्टीत गेले की घाटाच्या पायरीवर उभी राहून मी तिला एकेक जुडी द्यायचे. शेजारी भोयांची जाळी वाळत असायची. मावशी नदीशी शेजारणीशी बोलावं तशी बोलायची, प्रसंगी तिला फटकारायचीसुद्धा.

पुढे शहर वाढलं आणि नदी बिघडली. आधी पाणवेली आल्या, मग फेस, मग वास. मासे संपले तसे भोयांच्या घरातले लोक बांधकामांवर रोजाने जाऊ लागले. दत्तूने बोअर घेतली. बोअरच्या पाण्यावर भाजी झकास आली... आणि मावशी ती स्वच्छ भाजी नेऊन त्याच काळ्या पाण्यात बुडवत राहिली! दत्तू डोकं आपटायचा. ती म्हणायची, "आई आजारी पडली म्हनून कुनी तिच्या पाया पडायचं सोडतं का?" पण भाजीला वास होता. बुधवारच्या बाजारात एका जुन्या गिऱ्हाईक बाईने जुडी उचलली, हुंगली आणि परत पाटीत ठेवली. भांडली नाही, नुसती पुढच्या पाटीकडे गेली. ते मावशीच्या जिव्हारी लागलं.

माझं घर गंगापूर रोडला, म्हणजे नदीच्या हिशेबाने मावशीच्या गावाच्या वर. बाजार आटोपला की मावशी रिक्षाने माझ्याकडे चहाला यायची. त्या बुधवारी ती आली ती भरलेली पाटी घेऊनच. हात धुताना म्हणाली, "हे पानी कुठलं गं?" गंगापूर धरणाचं, मी म्हटलं. "म्हंजे गंगाच की." तिने ओंजळ भरून डोळ्यांना लावली. मग सिंकच्या जाळीकडे बोट दाखवून म्हणाली, "आन् हितनं जातं ते?" मी काही बोलायच्या आत तिचं तिलाच उमगलं. "म्हंजे तुमची उष्टी गंगा आमच्याकडं!" असं म्हणून ती इतकी हसली की पदर डोळ्यांना लावावा लागला. मलाही हसू आलं, आणि लाजही वाटली.

जाताना तिने माझ्याकडून तेलाचा रिकामा कॅन मागून घेतला, घासला आणि नळाचं पाणी भरून नेला. अंगणात ड्रम मांडला, तो बोअरच्या पाण्याने भरला आणि वरून माझ्या नळाचं तांब्याभर पाणी ओतलं. जुड्या आता त्यात बुडू लागल्या, तोंड मात्र नदीकडे करून. रीतही मोडली नाही आणि गिऱ्हाईकही परत आलं. मग दर बुधवारी कॅन रिकामा यायचा आणि भरून जायचा. मी चिडवायचे, "गंगेच्या काठी राहतेस आणि गंगा माझ्याकडून नेतेस." ती म्हणायची, "काय करनार, तुम्ही वर बसलाय ना."

आमच्या शेवटच्या भेटीत ती थट्टेच्या पलीकडे गेली होती. दत्तूला जवळ बोलावून माझ्यादेखत तिने सांगितलं, "माझ्या अस्थी आपल्या घाटावरनं सोडू नका. मळ्यातच पुरा. जिच्यात मी भाजी बुडवायची सोडली, तिच्यात मी कशी जाऊ?" दत्तूने मान डोलावली, आणि मी निघताना रिकामा कॅन माझ्या हाती दिला. पण गावात राहून असला शब्द पाळणं सोपं नसतं. ती गेली त्या दिवशी मी नेलेल्या पाण्यातलं चमचाभर तिच्या तोंडात घातलं, उरलेला कॅन पडवीत राहिला. राख सावडल्यावर तिचे थोरले दीर, नाना, अडून बसले. "देशभरातनं लोक अस्थी घिऊन नाशकात येत्यात. आन् आपन काठावर ऱ्हाऊन शेतात पुरायच्या? लोक शेण घालतील तोंडात."  शेवटी दत्तूची बायको सुनीता पदर सावरून म्हणाली, "नाना, मग तुम्हीच उतरा आन् सोडा."

नाना मडकं घेऊन पायऱ्या उतरले. आम्ही वर उभे होतो. शेवटच्या पायरीला फेस लागला होता, आणि त्यात कुणाच्या तरी पूजेचे हार अडकून कुजत होते. नाना वाकले, पुन्हा सरळ झाले.  मग मडकं तसंच छातीशी धरून वर आले. "तो कॅन कुठं हाय?" एवढंच म्हणाले. मळ्याच्या कडेला उंबराखाली दत्तूने खड्डा घेतला आणि पाणी नानांनी स्वतः ओतलं, तोंड नदीकडे करून. मला रडू आलं ते तिथे.

परवा बुधवारी दत्तू दारात उभा. हातात कॅन. "सुनीता म्हनली, ड्रमात टाकायला पानी नाय." मी चहा टाकला, कॅन नळाखाली ठेवला आणि आम्ही मावशीबद्दल बोलत बसलो. बोलण्याच्या नादात कॅन भरून वाहू लागला. मी धावत जाऊन नळ बंद केला. सांडलेलं पाणी गुळगुळ आवाज करत सिंकच्या जाळीतून खाली गेलं. दत्तू त्या जाळीकडे बघत होता. "जाऊ दे," तो म्हणाला, "माझ्या आधी घरी पोचंल."