आईच्या नाकावर टिकणारा मास्क

हे लिहायला बसलो त्याबद्दल आधीच माफी मागतो. मी लेखक नाही. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, आणि तिथेही परीक्षेच्या उत्तरांपलीकडे मी फारसं काही लिहिलेलं नाही. माफीचं दुसरं कारण मला जास्त टोचतं. लॉकडाऊनचे ते महिने पुष्कळ घरांत फार वाईट गेले. आमच्याच गल्लीतून दवाखान्यात गेलेले एक आजोबा परत आले नाहीत. अशा दिवसांत आम्ही मात्र घरात पोट दुखेपर्यंत हसलो होतो. हे लिहावं की नाही, यावर मी बरेच दिवस अडून होतो. पण तसं झालं होतं, आणि माझ्याकडे सांगण्यासारखं दुसरं काही नाही.

आई घरी ब्लाउज शिवते. तिचं मशीन पुढच्या खोलीत खिडकीपाशी असतं आणि लग्नसराईत त्या खोलीत पाय ठेवायला जागा नसते. त्या वर्षी लग्नंच थांबली. शिवून टांगलेले ब्लाउज न्यायलाही कुणी येईना. वडील पंचवटीत मार्केट यार्डात हमाल आहेत. भाजीपाला चालू होता म्हणून त्यांचं काम कसंबसं चालू होतं. ताई पहिल्या बाळंतपणासाठी ओझरहून आमच्याकडे आली आणि तिच्या मागोमाग सगळं बंद झालं. दाजी तिकडेच राहिले. त्यांच्या वसाहतीच्या तोंडाला पत्रे ठोकले होते. ते फोनवर रोज विचारायचे, काय खाल्लं, झोप लागते का, आणि मग विचारायला काही उरलं नाही की आमच्याकडे ऊन कसं आहे ते विचारायचे.

घरात गरोदर लेक आणि हाताला काम नाही, ही अवस्था आईला सोसत नव्हती. तिच्या पेटीत धुऊन धुऊन मऊ झालेली धोतरं आणि सुती पातळं जपून ठेवलेली होती. पण बाळ जन्मायच्या आधी बाळासाठी काही शिवायचं नाही, असं आमच्याकडे पाळतात. झबलं नाही, टोपडं नाही, साधं दुपटंसुद्धा नाही. आई ती धोतरं काढायची, त्यांच्यावरून हात फिरवायची, आणि घडी घालून परत ठेवायची.

वडील म्हणाले, "शिवायचं नाय तर बघतीस कशाला?"

"बघायला मनाई नाय," आई म्हणाली.

मग एक दिवस वडिलांनी सांगितलं की यार्डात आता मास्कशिवाय आत सोडत नाहीत. त्यांच्या टोळीतले सगळे तोंडाला रुमाल बांधून यायचे आणि पोतं पाठीवर घेतलं की रुमाल गळ्यात. आईने त्याच संध्याकाळी मशीनवरचं झाकण काढलं. बाळाच्या वाट्याची सगळ्यात मऊ धोतरं तिने बाजूला ठेवली आणि उरलेल्यांना कात्री लावली.

मी मोबाइलवर एका बाईंचा व्हिडिओ शोधला. चौकोनी कापड, तीन पदर, मध्ये तीन चुण्या. कापायचं काम माझं, शिवायचं आईचं. इलॅस्टिक कुठे मिळेना म्हणून परकराच्या नाड्या लावल्या. ताई खाटेवर उशीला टेकून देखरेख करायची. टोळीला पुरून उरतील ते मास्क गल्लीत द्यायचे, असं ठरलं.

पहिला मास्क तयार झाला. आईने तो मशीनवरून उचलला, नेहमीप्रमाणे तोंडाशी नेला आणि दाताने दोरा तोडला.

ताईने आणि मी एकमेकांकडे पाहिलं.

"आई, तो लोकांनी तोंडाला लावायचा आहे," मी म्हणालो.

"मग? मी पण तोंडच लावलं," आई म्हणाली.

इतक्या वर्षांची सवय होती ती. कात्री शेजारी ठेवून पाहिली, गळ्यात बांधून पाहिली, तरी हात आपोआप तोंडाकडे जायचा. शेवटी ठरलं की तिने दोरा हवा तसा तोडावा आणि मी प्रत्येक मास्क उकळावा. मागच्या दारी विटांची चूल मांडली, जर्मनचं एक जुनं पातेलं घेतलं, आणि मास्क पाण्यात टाकून खळखळून उकळी येऊ द्यायची, लांब चिमट्याने काढायचे, उन्हात दोरीवर वाळत घालायचे, वर कडक इस्त्री. हे काम मी फार मन लावून केलं. कदाचित गरजेपेक्षा जास्तच, कारण पुस्तकात वाचलेलं खरोखर उपयोगी पडतंय असं मला पहिल्यांदाच वाटत होतं.

त्या उत्साहात एकदा घोटाळा झाला. पातळ संपलं म्हणून आईने ओटीत आलेल्या खणांतला एक लाल खण काही मास्कना बाहेरून लावला होता. मी न बघता सगळे एकाच पातेल्यात टाकले. झाकण काढलं तर पाणी लालभडक आणि मास्क सगळे गुलाबी. ते टोळीसाठी होते आणि दुसरे द्यायला नव्हते. मला वाटलं वडील रागावतील. ते सकाळी निमूटपणे गुलाबी मास्क घेऊन गेले आणि परत आल्यावर म्हणाले, "बरं झालं. आमची टोळी आता लांबून ओळखू येती. एक व्यापारी विचारत होता, कुणाच्या लग्नाचं वऱ्हाड आलंय म्हणून."

इथपर्यंत सगळी गंमतच होती. खरी काळजी सुरू झाली ती ताईच्या तपासणीच्या दिवशी.

सरकारी दवाखान्यात ताईबरोबर आई आत गेली आणि मी दरवाज्याशी उभा राहिलो. तिथून मला सगळं दिसत होतं. आईचा मास्क हनुवटीवर होता. सिस्टर म्हणाल्या, "मावशी, मास्क वर घ्या." आईने तो वर घेतला. सिस्टरनी काहीतरी विचारलं, तर उत्तर द्यायला आईने तो खाली ओढला. पुन्हा सांगितलं, पुन्हा वर घेतला, आणि "हो, आता नाय काढणार" हे सांगायला पुन्हा खाली.

सिस्टर चिडल्या असतील तर त्यात त्यांची चूक नव्हती. दिवसभर त्या हेच सांगत असणार. त्यांनी शांतपणे, पण पक्कं सांगितलं. बाळंतपणाच्या वेळी पेशंटजवळ एकच बाई थांबेल. मास्क सगळा वेळ नाकावर पाहिजे. खाली आला तर तिला बाहेर पाठवणार, आणि मग दुसरं कुणी आत येणार नाही.

परत येताना ताई रिक्षात बोटांवर एकेक बाई मोजत होती. तिच्या सासूबाई गावाकडे अडकलेल्या, आमची मावशी नामपूरला, रस्ते बंद. आई नाही तर कुणीच नाही. घरी आल्यावर ती भिंतीकडे बघत म्हणाली, "आई, तू बाहेर गेलीस तर मला जमायचं नाही." ताई सहसा असं बोलत नाही. आमच्यात तीच धीट आहे.

आईने लगेच मास्क चढवला आणि आता काढणारच नाही म्हणाली. चहा होईपर्यंतसुद्धा तो टिकला नाही.

मला वाटलं की ती हट्टाने करते. थोडा रागही आला. गल्लीभर मास्क पुरवणाऱ्या बाईला स्वतःला मास्क लावता येऊ नये, हे मला पटेना. पण दुसऱ्या दिवशी मी तिच्या समोर बसून नीट पाहिलं. आईच्या नाकात चमकी आहे, लग्नाच्या आधीपासूनची. तिची आतली फिरकी इतकी घट्ट बसलीय की ती निघत नाही. माझ्या व्हिडिओतल्या चुण्या नेमक्या त्या चमकीवर यायच्या. बोलताना गाल हलला की दोरा चमकीत अडकायचा, नाक दुखायचं, आणि हात मास्क खाली ओढायचा. तिलाही ते धड कळलेलं नव्हतं.

मी तिला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "त्या व्हिडिओवाल्या बाईला नाक नसंल."

मग मी चुण्या खाली सरकवल्या. तरी दोरा अडकायचाच. मग चुण्या काढूनच टाकल्या, तर मास्क फडक्यासारखा सपाट, आणि चमकीवर आणखी दाबून बसला. चमकीपुढे थोडी जागा राहील असा काहीतरी आकार हवा होता. मी कागदावर नाकाच्या आकृत्या काढत बसलो होतो. ताई बराच वेळ बघत होती.

"आई," ती म्हणाली, "कटोरी घाल की त्याला."

कटोरी ब्लाउजसाठी आई आमच्या भागात प्रसिद्ध आहे. दोन गोलसर तुकडे मध्ये शिवणीने जोडले की कापडाला छातीपाशी वाटीसारखा फुगीर आकार येतो, ती कटोरी. आईने माझ्याकडे पाहिलं, मी जमिनीकडे. मग आईने पदर तोंडात कोंबला आणि ती जी हसायला लागली, ती थांबेचना. ताई पोट धरून म्हणत होती, "मला हसवू नका, मला हसवू नका," आणि स्वतःच परत सुरू करत होती.

तो मास्क मी शिवला. आईने कापायचा कागदी फर्मा काढून दिला, पण लहान मापाचा फर्मा शोधताना तिने जी बडबड केली ती मी इथे लिहू शकत नाही. माझी शिवण वाकडी आली, पण आकार बरोबर आला. मध्यभागी वाटीसारखी पोकळी, चमकी आत मोकळी. आतून धोतराचा मऊ पदर. मी तो उकळला, वाळवला, आणि इस्त्री करताना आकार मोडू नये म्हणून आत वाटी ठेवली. संध्याकाळी वडील आले, त्यांनी दोरीवरचा तो मास्क हातात घेऊन उलटापालटा केला.

"कसला आकार हाय हा?" त्यांनी विचारलं.

आई भाकरी थापायला आत गेली.

नाक दुखायचं थांबलं, पण सवय राहिलीच होती. मास्कमधून आपलं कुणाला ऐकू जाणार नाही, अशी तिची खात्री होती. तेव्हा ताईने एक खेळ काढला. समोरच्या काकूंनी मास्कबद्दल त्यांच्या झाडाच्या कैऱ्या पाठवल्या होत्या. आईने दिवसा मास्क खाली ओढला की ज्याने पकडलं त्याला तिखटमीठ लावलेली एक फोड. एरवी आई ताईला कैरी फार खाऊ देत नव्हती, त्यामुळे ताईने लगेच कंबर कसली. ती मुद्दाम आईला बोलायला लावायची. भाकरी नीट फुगली नाही म्हणायची, शेजारणीने तुझ्या शिलाईला नाव ठेवलं म्हणायची. आई तावातावाने मास्क ओढून "कोण म्हणलं?" असं विचारायची, आणि ताईचा हात पुढे व्हायचा.

पहिल्या दिवशी कैऱ्या संपल्या. काकूंनी आणखी पाठवल्या. हळूहळू फोडी कमी होत गेल्या. मग एक दिवस असा आला की ताईने सासरच्या पुरणपोळ्या तुझ्यापेक्षा मऊ असतात इथपर्यंत मजल मारली. आईचा हात कानापर्यंत गेला, तिथेच थांबला, आणि मास्कच्या आतून तिने ताईला जे सुनावलं ते आम्हाला सगळं ऐकू आलं. ताईला त्या दिवशी कैरी मिळाली नाही. ती रुसली, आणि माझ्या लक्षात आलं की रुसतानाही ती खुशीत होती.

तरीही घर वेगळं आणि दवाखाना वेगळा, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं.

कळा सुरू झाल्या त्या सकाळी, वडील यार्डात जायच्या आधी आंघोळीला गेले होते तेव्हा. ओळखीच्या रिक्षावाल्याकडे पास होता. आईने पिशवीत कपडे भरले, कटोरीचे उकळलेले मास्क स्वच्छ फडक्यात गुंडाळून घेतले, एक लावला. दवाखान्याच्या दारात त्याच सिस्टर होत्या. त्यांनी आईकडे बघितलं आणि ओळखलं, हे मला कळलं. आई काही बोलली नाही. नुसती मान हलवली. दोघी आत गेल्या आणि दार बंद झालं.

वडील आणि मी फाटकाबाहेर लिंबाच्या सावलीत उभे राहिलो. आत जायची परवानगी नव्हती आणि आईने फोन पिशवीत ठेवला होता. आम्ही फक्त दाराकडे बघत होतो. दार उघडलं की मी आधी साडीचा रंग बघायचो, कारण आई बाहेर आली तर त्याचा एकच अर्थ होता. एकदा हिरव्या साडीतली बाई बाहेर आली. आईच्याही अंगावर हिरवीच साडी होती. वडील दोन पावलं पुढे गेले, मग परत आले आणि म्हणाले, "ती नाय." थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले, "नाय आली म्हणजे बरंच हाय." मी हो म्हणालो. दाजींचा फोन सारखा येत होता. त्यांना सांगायला माझ्याकडे तेवढंच होतं, की आई अजून बाहेर आलेली नाही.

ऊन डोक्यावरून पलीकडे गेलं. वडिलांनी समोरच्या मेडिकलमधून पाण्याची बाटली आणली आणि न उघडता हातात धरून ठेवली.

मग माझा फोन वाजला, आणि या वेळी तो आईचा होता.

पलीकडून घुमल्यासारखा आवाज आला. मागे कुणाचं तरी बाळ रडत होतं, भांडी वाजत होती. मला एक शब्द लागेना.

"आई, काही ऐकू येत नाही," मी म्हणालो. "मास्क जरा खाली घे आणि सांग."

"नाय घेणार," ती म्हणाली. हे मात्र स्वच्छ ऐकू आलं. "सिस्टर इथंच हायेत."

मग मशीन चालू असताना ती आतल्या खोलीत ओरडून सांगते, तशी एकेक शब्द सुटा करत ती म्हणाली, "मुलगी झाली. दोघी चांगल्या हायेत. मी सगळा वेळ तिच्या उशाशीच होते."