खालची रेघ

आम्ही आराकस. म्हणजे मोठ्या करवतीनं जाड लाकडाच्या फळ्या पाडणारे. निजामाच्या अमलात कमलनगरच्या बाजूला यंत्र कुठलं! लाकूड खड्ड्यावर आडवं टाकून कडेवर उभं बांधायचं, एकानं वर उभं राहायचं, एकानं खड्ड्यात उतरायचं. वरचा मिस्त्री, खालचा गाढव. थोरला भाऊ वर, धाकटा खाली, हा आमच्यात बापापासूनचा रिवाज. मी धाकटा. बारा वर्षं खड्ड्यात काढली. दर ओढीला भुसा नाकात, डोळ्यांत, मानेवर. लग्न झालं, दोन लेकरं झाली, तरी मी आपला खालीच. अण्णाला लोक मिस्त्री म्हणायचे अन मला मिस्त्रीचा भाऊ. जळायचो नुसता.

मग संतपूरकडच्या एका पाटलाचं सागाचं लाकूड आलं. दोन हात रुंद, वीतभर जाड. नव्या घराच्या दाराला त्याच्या चार फळ्या पाहिजे होत्या. अण्णा म्हणाला, "हे नीट उतरलं की सगळ्या घराचं लाकूड आपल्यालाच मिळतंय बघ. मग खाली एक गडी ठेवू, तू वर ये." किती बरं वाटलं म्हणून सांगू!

कोळशाच्या पाण्यात बुडवलेलं सूत ताणून आम्ही लाकडाच्या वरच्या कडेला रेघ मारली, खालच्या कडेलाही मारली. खालची रेघ फक्त खालच्याला दिसते. पहिली फळी झकास सुटली. दुसरीला करवत खालच्या बाजूनं रेघेवरून ढळायला लागली. मी ओरडलो, "अण्णा, डावीकडं जायलीय!"

पाटील शेजारीच उभा होता. अण्णा वरून म्हणाला, "तू गप ओढ. मला शिकवायलास व्हय?" पाटील फिदीफिदी हसला.

झालं, माझं टाळकं सरकलं. म्हटलं, ओढतो की! करवत रेघ सोडून बोटभर गेली, दोन बोटं गेली. मला लख्ख दिसत होतं. एक शब्द बोललो नाही. उलट बरं वाटत होतं, खोटं कशाला सांगू.

दुपारी फळी सुटली. वर तीन बोटं जाड, खाली जेमतेम एक. "चुलीत घाल आता," म्हणाला पाटील, अन उरलेलं लाकूड गाडीत टाकून घेऊन गेला. पुढचं काम गेलंच.

अण्णानं विचारलं, "खालची रेघ दिसली न्हाई व्हय तुला?"

दिसली होती, तूच गप म्हणालास, हे अगदी ओठांवर आलं होतं. पण बोललो, "नंतर डोळ्यांत भुसा गेलता. काईच दिसंना."

वाटलं, शिव्या घालील. त्यानं माझं तोंड उन्हाकडं केलं, पापण्या उलटून पाहिल्या. डोळे लाल होतेच, ते रोजच असायचे. "कामून सांगितलं न्हाईस रे आजवर?" एवढंच म्हणाला. "उद्यापासून तू वर. मी उतरतो खाली."

रिवाज मोडला त्यानं. लोक हसले, वहिनी महिनाभर माझ्याशी बोलली नाही. मला हवं होतं तेच मिळालं, अन वर उभं राहायची लाज वाटायला लागली. खरं सांगायला दहादा तोंड उघडलं, दहादा मिटलं.

अन अण्णा? माझी करवत जरा ढळली की खड्ड्यातून, भुशानं भरलेल्या तोंडानं, त्याची हाक यायची, "सांभाळ रे बाबा, उजवीकडं जायलीय!" एकदाही चुकवली नाही त्यानं.