ताब्याला जर्मन शब्द

“हा ताबा पोलिसाचा का मायचा, हे सांग आधी.” कोर्टाचा ताब्याचा कागद हातात पडला की जर्मनबाई पहिल्यांदा हेच विचारायच्या. चष्मा कपाळावर सरकवून कागद नाकाशी न्यायच्या आणि उत्तर मिळेपर्यंत पेनाचं टोपण काढायच्या नाहीत.

यवतमाळात कोर्टासमोर माझं टायपिंगचं दुकान आहे. बाई मूळच्या मारेगावकडच्या. पुण्यात उभा जन्म जर्मन शिकवण्यात गेला, निवृत्त झाल्यावर इकडे परतल्या आणि माझ्या दुकानामागच्या गल्लीत एकट्याच राहू लागल्या. बोलणं मात्र अस्सल वऱ्हाडी. जर्मनीला निघालेल्या नर्स मुली त्यांच्याकडे शिकायला यायच्या. त्यांचे कागदही बाईच जर्मनमध्ये करून द्यायच्या आणि ते टाइपला माझ्याकडे यायचे. तुमच्याही गावात असं एखादं माणूस असेलच, ज्याला सगळे टरकून असतात आणि ज्याच्यावाचून कुणाचं पानही हलत नाही.

जर्मन अक्षरांच्या डोक्यावर कधीकधी दोन टिंबं असतात. मी त्यांना टिकल्या म्हणायचो. एखादी राहिली की बाई दुकानाच्या पायरीवरूनच ओरडायच्या, “टिकल्या कुठं गेल्या गा? शब्दाचा पार इस्कोट केला तू!”

“बाई, यवतमाळात कोण वाचून राह्यलं?”

“म्या वाचून राह्यली ना!”

मी टिकल्या देऊन कागद पुन्हा काढायचो.

एकदा आर्णीची एक नर्स आली. सोबत सातआठ वर्षांची भाची. बहीण आणि मेहुणे अपघातात गेले, तेव्हापासून पोर मावशीकडेच होती. कोर्टानंही मावशीलाच पालक नेमलं होतं. आता मावशीला जर्मनीतल्या दवाखान्यात नोकरी लागली होती, पण पोरीचा व्हिसा अडकला होता. घरात दुसरं कुणीच नाही. पोरीला ठेवायचं कुणाकडे, की हातची नोकरी सोडायची, या कात्रीत बिचारी सापडली होती.

व्हिसाच्या एजंटानं करून दिलेलं भाषांतर बाईंनी वाचलं आणि कपाळाला हात लावला. “बाप्पा! कोनत्या शहाण्यानं केलं हे?”

झालं होतं असं. कोर्टाच्या इंग्रजी हुकमात पोरीची कस्टडी मावशीला दिली होती. आपण चोराचाही ताबा म्हणतो आणि लेकराचाही ताबाच म्हणतो. इंग्रजीतही दोन्हींना एकच शब्द चालतो. जर्मनमध्ये मात्र ते वेगळे आहेत, आणि एजंटानं नेमका ‘हाफ्ट’ उचलला होता. मला तो ‘हप्ता’ ऐकू आला. ताबा म्हटलं की पोलीस आलेच, त्यामुळे मला काही वावगं वाटलं नाही.

“हाफ्ट म्हणजे अटक,” बाई म्हणाल्या. “या कागदावर तुह्या एजंटानं पोरीले कोठडीत टाकलं हाय.”

नर्स रडकुंडीला आली. “बाई, सरळ माय लिहून टाका ना. मीच तं करते तिचं सारं. मंग कोनी काही इचारणार नाही.”

“माय नाही तू. मावशी हाय. नातं मी बदलवत नसते.”

इतकं कोरडं बोलायची काही गरज नव्हती, असं मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं. बाई पोरीकडे वळल्या.

“काय वं, मावशी कशी हाय तुही?”

पोर फ्रॉकची किनार पिळू लागली. मग म्हणाली, “शाळेतून याले उशीर झाला का फाटकात उभी राह्यते. मी आली का वरडते. मंग रडते.”

बाईंनी पेनाचं टोपण काढलं.

“लेकराच्या ताब्याले जर्मन लोकं झोर्गं म्हणतात,” त्या लिहिता लिहिता म्हणाल्या. “झोर्गं म्हणजे काळजी. आन् झोर्गं म्हणजे घोरही. ज्याच्या जिवाले लेकराचा घोर, त्याच्यापाशी लेकरू.”

“तेवढा तं लय हाय, बाई,” नर्स म्हणाली. रडता रडता ती हसली, तेव्हा माझ्याही जिवात जीव आला.

त्या दिवशी मी एकही टिकली विसरलो नाही. व्हिसाला वेळ लागला, पण आला. पेढे घेऊन दोघी दुकानात आल्या आणि पुढच्या आठवड्यात गेल्या.

दोनेक वर्षांनी बाई आजारी पडल्या. मी दुकान बंद करून डबा घेऊन जायचो. एका संध्याकाळी त्यांच्या फोनवर त्या पोरीचा व्हिडिओ कॉल आला. पोर भराभरा जर्मन बोलत होती, शेजारी तिच्या दोन मैत्रिणी होत्या. मला ओ की ठो कळत नव्हतं. आता बाई हिला कुठे पकडतात, याची वाट पाहत मी त्यांच्या तोंडाकडे बघत बसलो. बाई नुसत्या मान डोलवत होत्या.

फोन बंद झाल्यावर मी विचारलं, “चुकली का कुठं?”

“एकदाच. मैत्रिणीईले सांगून राह्यली होती, ही माही आजी म्हणून.”

“मग? तुम्ही तर नातं बदलवत नसता.”

“चूप बस गा,” म्हणाल्या, आणि चष्मा पुसत राहिल्या.

त्यानंतर बाई फार दिवस राहिल्या नाहीत. दवाखान्यात डॉक्टरांनी मला विचारलं, यांचं जवळचं कुणी आहे का?

मी सांगितलं, एक नात आहे. जर्मनीत असते.