दादाचा स्पीकर
पोह्यावरच्या जिरावण मसाल्याचा वास आला की पलासिया चौकातली ती पोह्यांची हातगाडी आठवते. बाबांच्या तपासणीचा रिपोर्ट यायचा होता, आणि बाबा, दादा आणि मी, तिघं तिथे प्लेटी धरून उभे होतो. दादाला फोन स्पीकरवर टाकून, बिस्किटासारखा तोंडासमोर धरून बोलायची घाणेरडी सवय. मी चिडून म्हटलं, "कानाला लाव ना, सगळे सुनतायत." "अरे, आपल्यात काय सीक्रेट?" तो हसला. तेवढ्यात डॉक्टरांचा फोन आला, सवयीने त्याने तोही स्पीकरवरच घेतला. "रिपोर्ट अच्छी नहीं है. पिताजी को अभी मत बताना." दादाची बोटं घाईघाईने बटण शोधू लागली. बाबांनी प्लेट गाडीवर ठेवली. "बंद नको करू. पूर्ण ऐकू दे." आता दादा फोन कानाला घट्ट लावून गॅलरीत जातो, पण ज्यांच्यापासून लपवायचं, ते बाबाच राहिले नाहीत.