बसायला मनाई

उन्हाळ्यातल्या एका सोमवारी सोलापुरातल्या एका दवाखान्याने एका बाईंना स्त्रियांच्या वॉर्डात येण्यास मनाई केली. "बसू का?" असं विचारून त्या अनोळखी रुग्णांजवळ बसत. तक्रार धर्मांतराची होती.

मी बातमीदार; ही बातमी माझ्याकडे होती. त्याआधी दोन दुपारी मी वॉर्डात जाऊन पाहिलं होतं. बाई ख्रिस्ती, निवृत्त नर्स, सत्तरीच्या आसपास. ज्या खाटेजवळ त्या बसत तिथे विड्या वळून म्हातारी झालेली एक तेलुगू बाई होती. तिला सगळे अम्मा म्हणत. आजार शेवटच्या टप्प्यात. बाई तिच्या ओठांना ओला कापूस लावत आणि डोळे मिटून पुटपुटत.

"रक्ताची माणसं हितं धा मिनिटं टिकत न्हाईत," आया मला म्हणाली. "ही दोन दोन तास बसती. कायतरी असणारच की."

तुम्हालाही तसंच वाटलं असतं. मी बाईंना गाठलं.

"काय पुटपुटता?"

"प्रार्थना."

"अम्माला विचारलं होतं?"

"विचारलं की. म्हणाली, कर, पण आवाज करू नको."

याची खात्री करता आली नाही. अम्माचं बोलणं तोवर थांबलं होतं.

तक्रार अम्माच्या मुलाची. तो टॉवेलच्या कारखान्यात कामाला. "पाणी लावून बाटवती, साहेब. डोळ्यांनी बघितलंय."

सोमवारी फाटकावर बाईंची पिशवी तपासली. कापूस, पाण्याची बाटली, कंगवा, चष्मा, बायबल. रखवालदाराने बायबल वर धरलं.

"माझं आहे ते, वाचायला," बाई म्हणाल्या. "चष्मा पण माझाच आहे. तो मी कुणाला वाटत नाही."

त्या परत गेल्या नाहीत. फाटकाबाहेरच्या बाकावर बसल्या. मंगळवारीही आल्या. बुधवारी दुपारी मुलगा बाहेर आला. मी चहाच्या गाड्यावर होतो.

"अम्मा माझ्या हातनं पाणी घेईना," तो म्हणाला. "ठसकाच लागतोय. तुमी काय करत होता?"

"चमच्यानं पाजतोस काय रे?"

"व्हय."

"गिळता येत नाही तिला. कापूस भिजव, पिळून घे, नुसता ओठावर फिरव. घाई करू नको. आधी बस तरी."

कापूस त्यांनी दिला. त्याने घेतला. "ते पुटपुटणार न्हाई मी," तो म्हणाला.

"नको पुटपुटू."

तक्रार मागे घेतली गेली नाही. मनाई अजून लागू आहे.

अम्मा गुरुवारी सकाळी गेली. ड्यूटीवरच्या नर्सने सांगितलं, मुलगा आदल्या दुपारपासून खाटेजवळ बसलेला होता.