अक्काचे ढग

कोल्हापुरात उन्हाला कुणी आकडा विचारत नाही. "लई तापलंय," एवढं म्हणून माणसं ताक पितात आणि गप पडतात. मला ते कधी पटलं नाही. किती तापलंय? कालच्यापेक्षा जास्त की कमी? असं विचारलं की समोरचा माझ्याकडं, हा बिघडलाय की काय, असं बघायचा. मंगळवार पेठेतल्या घराच्या गच्चीवर मी झडपांची पांढरी लाकडी पेटी उभी केली, आत तापमापक टांगला, तर गल्लीत बातमी अशी की मी कबुतरं पाळणार. पाळली असती तर निदान चार माणसं तरी वर आली असती.

ही नव्वदीतली गोष्ट. आई गेलेली, लग्न मी केलं नव्हतं. सकाळच्या शाळेत कारकून होतो, दीडला घरी यायचो. पुढचा अख्खा दिवस मी, पेटी आणि वही. मे महिन्यात पारा चाळिसाला टेकला की मला आनंद व्हायचा आणि तो सांगायला घरात कुणी नसायचं.

आमच्याकडं वळीव बहुतेक पूर्वेकडून चढतो आणि पूर्वेला, कबनूरला, माझी थोरली बहीण दिलेली. अक्काच्या घराला लागूनच दाजींचे यंत्रमाग. माझ्या घरी फोन बसला तसं मी तिला कामालाच लावलं. दुपारी तीननंतर उगवतीला काळं धरलं की मला कळवायचं. तिच्या आवाजामागं मागांचा खडखडाट असायचा, त्यामुळं ती ओरडूनच बोलायची; धाकटा भाऊ म्हणून मला तम्मा म्हणायची. "तम्मा, काळं धरलंय बघ! वारं सुटलंय!" मग पाऊस कोसळला की तिकडची वीज जायची आणि खडखडाट एकदम थांबायचा. ती वेळ मी वहीत लिहायचो. तिथून तासाभरात वळीव आमच्या गच्चीवर. मधेच तिनं "जेवलास का रं?" असं काही काढलं, तर मी "वारं कुठनं हाय ते सांग आधी" म्हणून तिला आडवायचो.

या फोनमुळं गल्लीत माझा भाव वाढला. समोरच्या काकू चटणीच्या मिरच्या गच्चीवर वाळत घालायच्या. मी हाक मारली की त्या मिरच्या गोळा करायच्या, आणि तासाभरात पाऊस. मला फार बरं वाटायचं. त्या हाकेपलीकडं आमचं बोलणं नव्हतं, ही गोष्ट वेगळी.

दोन हजार सालानंतर दाजी गेले. भाचे नोकरीला पुण्यात, माग दुसऱ्याला चालवायला दिलेले, घरात अक्का एकटी. मी दिवसांना गेलो होतो. तिच्याजवळ बसायचं सोडून शेडच्या पत्र्यावर गारांचे पोचे मोजत उभा राहिलो. आज हे लिहिताना लाज वाटते.

त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात अक्काचे फोन वाढले, पण तिचे ढग आमच्यापर्यंत पोचेनात. मी हाक मारायचो, काकू मिरच्या गोळा करायच्या आणि वर कडकडीत ऊन. "काय वो, तुमचा ढग वाटंत जेवायला थांबला व्हय?" असं त्या सगळ्या गल्लीला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं विचारायच्या. मी मात्र हरखलो होतो. कबनूरहून निघालेला ढग पंचगंगेवर येऊन फाटतो, असा शोध मला लागला होता. पेन्सिलीनं नकाशे काढले, दोन उन्हाळ्यांत वहीची कितीतरी पानं भरली.

मग एका दुपारी अक्काचा फोन आला. "लई मोठा पाऊस लागलाय तम्मा. आत्ताच लाईट बी गेली बघ." आणि तिच्यामागं माग खडखडत होते. लाईट गेल्यावर माग चालत नाहीत, हे कबनूरचं शेंबडं पोरही सांगेल. पण इतकी वर्षं त्या आवाजात काढलेल्या बाईला तो आता ऐकूच येत नसावा.

"माग चालू हायत, अक्का," मी म्हणालो.

ती हळू म्हणाली, "ढग न्हाय म्हटलं की तू फोन ठेवतोस की रं. मग कुणासंगं बोलू?"

इथं मी दुसरं काहीही बोललो असतो तरी चाललं असतं. पण माझं डोकं फिरलं होतं. "दोन वर्षांची वही नासलीस माझी," मी ओरडलो. "चुकलं बाबा," ती म्हणाली आणि तिनं फोन ठेवला.

त्यातले खरे ढग कुठले आणि खोटे कुठले, ते मला निवडता येईना. ते फक्त तिलाच ठाऊक. नंतर तिचा फोन आलाच नाही. आठवड्याभरानं पूर्वेकडून खराखुरा वळीव आला आणि काकूंच्या मिरच्या सगळ्या भिजल्या. "आज फोन आला न्हाय व्हय?" त्यांनी विचारलं, या खेपेला हळू. खाली येऊन मी दार लावून बसलो आणि पहिल्यांदा अक्का दिवसभर काय करत असेल, याचा विचार केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मीच फोन लावला. काय बोलायचं ते ठरवलं होतं: जेवण करतेस का वेळेवर, गुडघा कसा आहे, भाचे येतात का. तिनं उचलला. मी "अक्का" म्हणालो, तोच ती घाईघाईनं म्हणाली, "आज आभाळ मोकळं हाय बाबा. सांगण्यासारखं काय न्हाय. ह्ये खरं हाय." आणि मी पुढं बोलायच्या आत तिनं फोन ठेवून दिला.